तिसरीतील नऊ मुले आणि ४१ टक्के

यवतमाळ जिल्ह्यातील एका गावच्या शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांनी हा प्रश्न विचारला आहे. त्यांच्या जिल्हा परिषद प्राथमिक शाळेत पहिली ते चौथीचा पट ३८ आहे आणि शिक्षक दोन आहेत. मागच्या संकलित चाचणीत तिसरीची सरासरी ४१ टक्के आली, तर चार किलोमीटरवरच्या मोठ्या गावातील शाळेची ६८ टक्के. गावातले लोक म्हणतात की गुरुजी शिकवत नाहीत, आणि गुरुजी म्हणतात की निम्मी मुले तांड्यावरची, म्हणजे बंजारा वस्तीतली, आणि पोडावरची, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीतली आहेत, आणखी काय निकाल लागणार. अध्यक्षांची स्वतःची मुलगी याच वर्गात आहे आणि पुढच्या जूनपासून तिला तालुक्याच्या कॉन्व्हेंटमध्ये घालावे की काय, असा घरात विचार चालू आहे. या ४१ टक्क्यांना जबाबदार कोण आणि मुलीचे काय करावे, हा त्यांचा प्रश्न. प्रश्नासोबत त्यांनी वर्गातील नऊ मुलांचे गुण आणि दोन वर्षांची हजेरी नावे वगळून पाठवली, हे फार बरे केले, कारण ती नसती तर मला उत्तर म्हणून केवळ गोल गोल बोलता आले असते.

माझी नोकरी आधी शिक्षक म्हणून मेळघाटात आणि नंतर केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटावर देखरेख करणारा, म्हणून यवतमाळ जिल्ह्यात झाली. टक्केवारीचे तक्ते मी स्वतः वर्षानुवर्षे भरून घेतले आहेत, त्यामुळे त्यांच्यात काय असते आणि काय नसते हे मला बऱ्यापैकी ठाऊक आहे.

आपण पाठवलेले नऊ आकडे उतरत्या क्रमाने मांडले तर असे दिसतात: ७८, ७०, ६४, ५२, ४५, ३४, १२, ८ आणि ६. यांची सरासरी ४१ येते हे खरे, पण वर्गातल्या एकाही मुलाला ४१ च्या जवळपासचे म्हणावेत असे गुण नाहीत, जवळात जवळचा आहे तो ४५ वाला. शेवटची तीन मुले क्षणभर बाजूला ठेवली तर उरलेल्या सहांची सरासरी ५७ होते. म्हणजे आपल्या शाळेत आणि शेजारच्या शाळेत जे २७ गुणांचे अंतर दिसते, त्यातले १६ एकट्या तीन मुलांमुळे आले आहेत. नऊ मुलांच्या वर्गात निकालातला एका मुलाचा वाटा ११ टक्के असतो, आणि चाळीस मुलांच्या वर्गात तोच अडीच टक्के असतो. लहान पटाच्या शाळांना दरवर्षी एकदा शाबासकी आणि एकदा कानउघाडणी मिळते, त्यामागे पुष्कळदा एवढेच गणित असते.

आता ती तीन मुले कोण आहेत ते पाहू. १२ आणि ८ गुणांची मुले तांड्यावरची, एकमेकांची चुलत भावंडे आहेत. मागच्या वर्षी, म्हणजे दुसरीत असताना, दिवाळीनंतर त्यांच्या हजेरीपुढे सलग रेघ आहे, आणि आपण कळवल्याप्रमाणे दोन्ही कुटुंबे वीटभट्टीवर गेली होती. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस शाळा भरली पाहिजे. या दोघांच्या वाट्याला त्यांतले ८० दिवससुद्धा आले नाहीत. दुसरीचे अर्धे पुस्तक ज्यांनी पाहिलेच नाही, त्यांना तिसरीची प्रश्नपत्रिका दिली गेली. तिसरे मूल, ६ गुणांची मुलगी, पोडावरची आहे आणि तिची हजेरी मात्र उत्तम आहे. तिचा प्रश्न अगदी वेगळा आहे आणि त्याकडे मी पुढे येतो.

आधी हजेरीपुरते बोलू, कारण आपल्या भागात शाळेच्या निकालाचे सर्वांत जवळचे नाते हजेरीशी असते. पटाची अधिकृत नोंद ३० सप्टेंबरच्या तारखेने होते. यू-डायस या देशभरातील शाळांच्या सरकारी नोंदीतली माहिती त्या तारखेची असते, संच मान्यता म्हणजे शिक्षकांची पदे त्याच पटावर ठरतात, आणि अलीकडे तर आधार जुळलेले मूलच त्यात धरले जाते. ही तारीख ठरवणाऱ्याने पऱ्हाटीकडे पाहिले नसावे. सप्टेंबरच्या अखेरीस आपल्याकडे मूग-उडीद निघालेला असतो, सोयाबीनची सोंगणी तोंडावर असते आणि कापूस फुटायला लागलेला असतो, पण घरातली माणसे अजून गावातच असतात. वर्षातला सर्वांत भरलेला पट तो. पुढच्या पंधरा दिवसांत सोंगणी सुरू होते, मग वेचणी लागते, मोठी मुलगी धाकट्या भावाला सांभाळायला घरी राहते किंवा आईबरोबर फडकी बांधून शेतात जाते, आणि दिवाळी झाली की पुसद, दिग्रस, मानोरा या पट्ट्यातील तांडे ऊसतोडीला आणि भट्ट्यांवर निघतात. कागदावर पट ३८ च राहतो. पहिली संकलित चाचणी साधारण याच धामधुमीत येते आणि दुसरी एप्रिलच्या उन्हात. उन्हामुळे विदर्भातील शाळा उर्वरित राज्यापेक्षा आठवडाभर उशिरा उघडतात, हे वेगळेच.

म्हणून शाळेचा निकाल पाहण्याआधी हजेरीपट पाहावा आणि तो महिनावार पाहावा. वार्षिक सरासरी हजेरी ८० टक्के असू शकते आणि तरीही डिसेंबर ते मार्च या चार महिन्यांत तीच मुले सतत गैरहजर असू शकतात. एक पडताळाही सांगून ठेवतो. पोषण आहाराच्या नोंदवहीत त्या दिवशी किती मुले जेवली हे लिहिलेले असते. ती संख्या आणि हजेरीपटावरची संख्या महिनाभर शेजारी शेजारी ठेवून पाहावी. दोन्ही जुळत असतील तर आपली हजेरी विश्वासाची आहे, आणि जुळत नसतील तर निकालाची चर्चा नंतर करावी.

या बाबतीत माझी स्वतःची एक चूक सांगणे भाग आहे. केंद्राच्या मासिक बैठकीत मी एकदा सर्व शाळांचे निकाल फळ्यावर उतरवले, पहिल्या आलेल्या शाळेचे अभिनंदन केले आणि शेवटच्या शाळेतील शिक्षिकेला सर्वांसमक्ष उभे करून कारण विचारले. तिने काही सांगितले नाही. नंतर त्या दोन्ही शाळांचे कागद मागवून पाहिले, तेव्हा लक्षात आले की पहिल्या आलेल्या शाळेत चाचणीच्या दिवशी तिसरीची पाचच मुले हजर होती आणि उरलेली चार भट्टीवर गेलेली होती. शेवटच्या शाळेतील बाईंनी मात्र नुकतीच परत आलेली मुले तांड्यावर जाऊन, हाताला धरून चाचणीला बसवली होती. म्हणजे जिने मुले शाळेत आणली तिला मी उभे केले होते. त्यानंतर मी तक्त्यात ‘पटावरील’, ‘चाचणीस हजर’ आणि ‘वर्षात दीडशेपेक्षा जास्त दिवस हजर’ असे तीन रकाने वाढवले. वरच्या कार्यालयाला ते रकाने नको होते, तरी मी ते माझ्यापुरते ठेवले. शेजारच्या ६८ टक्क्यांची तुलना करण्यापूर्वी आपणही त्या शाळेचे हे तीन आकडे विचारून घ्या. ती शाळा चांगली असेलही, आणि असेल तर तिथे जाऊन एक दिवस वर्ग पाहावा, पण नुसत्या सरासरीवरून ते ठरत नाही.

आता पोडावरच्या मुलीकडे येतो. कोलाम ही महाराष्ट्रातील तीन आदिम जमातींपैकी एक आहे, कातकरी आणि माडिया गोंड या इतर दोन. कोलामांची भाषा कोलामी आहे आणि ती गोंडीप्रमाणेच द्राविड कुळातली, म्हणजे मराठीची लांबचीसुद्धा नातलग नाही. मेळघाटातील कोरकू तर त्याहूनही वेगळ्या, मुंडा कुळातली. तांड्यावरची गोरमाटी मराठीच्या जवळची असली तरी तिथेही पहिलीतले मूल भाकरीचे चित्र पाहून ‘बाटी’ म्हणते, आणि नवे गुरुजी असतील तर ते उत्तर चूक धरतात.

अशाच एका पोडाजवळच्या शाळेत मी एका तिसरीतल्या मुलीची तोंडी चाचणी घेत होतो. हंड्याचे चित्र दाखवून ‘यात काय भरतात?’ असे विचारले तर ती खाली पाहत बसली. तीनदा विचारले, तिन्ही वेळा तीच गत. पोषण आहार शिजवणाऱ्या बाई त्याच पोडावरच्या होत्या. चुलीतले लाकूड मागे ओढून त्या दारात आल्या आणि त्यांनी कोलामीत तोच प्रश्न केला. मुलगी लगेच ‘ईर’ म्हणाली, म्हणजे पाणी. मग मी बाईंनाच तिथे बसवून घेतले आणि चोवीस चिंचोके पुढे ठेवले. चौघींना सारखे वाटायला सांगितल्यावर तिने एकेक करून न वाटता सरळ सहा-सहाचे ढीग केले आणि काही उरले नाही म्हणून हात झटकला. कागदावर हाच भागाकार शाब्दिक उदाहरण म्हणून आलेला होता आणि तिथे तिने काहीच लिहिले नव्हते. तिला भागाकार येत होता. येत नव्हते ते मराठीतले वाक्य. या दोन गोष्टींचे गुण एकाच रकान्यात पडतात आणि मग आपण म्हणतो की पोडावरची मुले गणितात कच्ची.

आपल्या वर्गातील ६ गुणांच्या मुलीचे नेमके काय आहे हे मी इथे बसून सांगू शकत नाही, पण ते कसे शोधावे हे वरच्या प्रसंगातून दिसते. नियमित हजर असणाऱ्या मुलाला इतके कमी गुण मिळतात तेव्हा तीन शक्यता तपासाव्यात: भाषा समजत नाही, दिसण्या-ऐकण्यात काही अडचण आहे, किंवा वर्गात त्या मुलाकडे कोणी पाहतच नाही. तिसरी शक्यता आपल्या गावांत वाटते त्यापेक्षा जास्त वेळा खरी निघते. मुलगी कोणत्या ओळीत बसते, तिची वही शेवटची कधी तपासली गेली आणि तिला फळ्याजवळ शेवटचे कधी बोलावले, एवढे तीन प्रश्न गुरुजींना विचारा. रागाने विचारू नका, पण विचारा.

इथे ‘निम्मी मुले तांड्यावरची’ या उत्तराबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. मुलांची सामाजिक वर्गवारी शाळेच्या कागदात असते ती कोणाला काय लागेल हे कळावे म्हणून. अनुसूचित जमातीची मुले किती, विमुक्त जातींची किती, मुली किती, दिव्यांग किती, यावरून शिष्यवृत्त्या ठरतात आणि पुस्तकेतर मदत ठरते. प्राथमिक वर्गातील मागास आणि गरीब घरच्या मुलींना दिवसाला १ रुपया उपस्थिती भत्ता १९९२ साली सुरू झाला, तोही याच नोंदीवरून मिळत आला. आज एका रुपयात लेखणीसुद्धा येत नाही, हा भाग सोडा. पण हीच वर्गवारी निकालाचे कारण म्हणून पुढे केली की तिथून पुढे कोणी काही करायचे राहत नाही. आपल्या यादीतच पहा: ६४ गुणांचा मुलगा तांड्यावरचा आहे आणि त्याची हजेरी १८० दिवसांच्या वर आहे. तांडा तोच आहे, त्याचे आईवडील मात्र भट्टीवर गेले नाहीत. याच्या उलट ३४ गुणांचा मुलगा गावातला, घरची शेती असलेला आणि वर्गात सर्वांत जास्त दिवस हजर असलेला आहे. त्याच्या निकालाला तांडाही कारण नाही आणि वीटभट्टीही नाही. त्या मुलाबद्दल उत्तर शाळेनेच दिले पाहिजे. त्याचप्रमाणे तीन मुले वगळूनही सरासरी ५७ च राहते आणि शेजारची ६८ आहे, या उरलेल्या अंतराचाही सगळा भार मुलांच्या घरावर टाकता येणार नाही.

शाळेने उत्तर द्यावे म्हणताना शाळेची स्थितीही पाहावी लागते. ६० पर्यंतच्या पटाला कायद्याने दोन शिक्षक मिळतात, म्हणजे आपल्याकडे चार वर्गांना दोन आहेत आणि ते नियमात बसते. पण वर्षातून किती दिवस दोघेही शाळेत असतात हे मोजावे. एकाला प्रशिक्षण, एकाला मतदार यादीचे काम, एकाची दुसऱ्या शाळेवर प्रतिनियुक्ती, कधी ऑनलाइन माहिती भरण्यासाठी पंचायत समितीत बोलावणे, असे दिवस धरले तर कित्येक शाळा वर्षाचा मोठा भाग एकशिक्षकी चालतात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ प्रमाणे जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून इतर अशैक्षणिक काम शिक्षकाला देता येत नाही, आणि समितीला त्याबद्दल ठराव करून गट शिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवता येतो. गावाने शिक्षकाच्या बाजूने असा एखादा ठराव केला की शिक्षकही गावाचे ऐकायला लागतो, हा माझा अनुभव आहे.

आणखी एक गोष्ट गावातली वडीलधारी मंडळी हटकून बोलतात: आमच्या वेळी याच शाळेतून शिष्यवृत्तीला मुले बसायची, नवोदयला लागायची. खरे आहे, पण त्या वेळी पाटलाचा मुलगा, मास्तरांचा मुलगा आणि सालदाराचा मुलगा एकाच पट्टीवर बसत होते. आता सकाळी सात वाजता कॉन्व्हेंटची गाडी चौकात येते आणि ज्यांना परवडते त्यांची मुले घेऊन जाते, त्यातही मुलगे आधी. घरात एक मुलगा आणि एक मुलगी असली तर मुलगा गाडीत आणि मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत, हे मी इतक्या घरांत पाहिले आहे की पटावर मुली जास्त दिसल्या की मला आनंदाऐवजी शंका येते. राहिलेल्या मुलांपैकी काही तिसरी-चौथीत आश्रमशाळेत जातात. तेव्हा ही शाळा जागेने तीच असली तरी तिच्यातली मुले तीच नाहीत, आणि तीस वर्षांपूर्वीच्या निकालाशी आजचा निकाल ताडून पाहण्यात अर्थ नाही.

ताडून पाहायचे असेल तर मुलाला त्याच्या स्वतःशी पाहावे. निपुण भारत या केंद्र सरकारच्या वाचन-गणिताच्या मोहिमेत तिसरीच्या अखेरीस अर्थ समजून मिनिटाला किमान ६० शब्द वाचता यावेत आणि ९,९९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात, असे साधे लक्ष्य दिलेले आहे. हे तपासायला तज्ज्ञ लागत नाही. तिसरीच्या पुस्तकातला न शिकवलेला उतारा, एक घड्याळ आणि पंधरा मिनिटे पुरतात. प्रत्येक मुलाच्या नावापुढे अक्षर, शब्द, वाक्य, उतारा यांपैकी ते कुठे आहे ते लिहावे आणि दर महिन्याच्या सभेत तोच कागद पुढे ठेवावा. अक्षरावरचे मूल तीन महिन्यांत वाक्यावर आले तर शाळा शिकवते आहे, मग चाचणीत त्याला १२ चे १५ च झाले असले तरी. आणि ७८ गुणांची मुलगी वर्षभर आहे तिथेच राहिली असेल तर तिच्याही बाबतीत विचारणा व्हावी, हुशार मुलांना गृहीत धरण्याची खोड आपल्या शाळांना फार आहे. वृत्तपत्रात येणारे राष्ट्रीय सर्वेक्षणाचे किंवा ‘असर’ या ग्रामीण मुलांच्या वाचन-गणिताच्या पाहणीचे आकडे मात्र या कामाला उपयोगी नाहीत. त्या नमुना पाहण्या असतात, म्हणजे काही निवडक मुलेच तपासतात, त्यांतून जिल्ह्याचे किंवा राज्याचे चित्र मिळते, आपल्या शाळेचे मिळत नाही. यू-डायसच्या अहवालात शाळेचा पट, वर्गवारी, शिक्षक, शौचालय, वीज सगळे आहे, मुलाला वाचता येते की नाही एवढे सोडून.

आपल्या मुलीबद्दल विचारले आहे. तिला ७० गुण आहेत, आणि ती उतारा वाचून त्यातले प्रश्न सोडवते असे आपण लिहिता. वर्गाची सरासरी कमी आली एवढ्यावरून तिला हलवू नये. रोजचा जाऊन-येऊन प्रवास, वर्षाची फी आणि नव्या भाषेत पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, याच्या बदल्यात काय मिळते ते त्या कॉन्व्हेंटच्या तिसरीतल्या चार मुलांकडून त्यांचेच इंग्रजी पुस्तक वाचून घेऊन, अर्थ विचारून पाहावे. मी तिला हलवण्याचा विचार एकाच स्थितीत करीन: दोनांपैकी एक शिक्षक बदलून गेला आणि ते पद पुढच्या सत्रापर्यंत रिकामे राहिले तर. रिक्त पद हे ४१ टक्क्यांपेक्षा कितीतरी मोठे संकट आहे. शिवाय अध्यक्षांचीच मुलगी गेली की गावातली आणखी पाच-सहा नावे मागोमाग जातात, हे मी आपल्याला सांगायला नको.

चुलत भावंडांसाठी मात्र वेळ थोडा आहे. तिसरीत असताना ती यंदाही गेली तर चौथीत शाळेकडे त्यांना देण्यासारखे काही उरणार नाही. समग्र शिक्षा या सरकारी योजनेअंतर्गत हंगामी वसतिगृहाची सोय आहे. मुले गावातच आजी-आजोबांकडे किंवा नातलगांकडे राहतात आणि त्यांच्या दोन वेळच्या जेवणाची व्यवस्था समिती करते. प्रस्ताव शाळेमार्फत जातो आणि त्यात स्थलांतर करणाऱ्या मुलांची नावनिशीवार यादी लागते. ज्यांना नेल्यावाचून गत्यंतर नाही त्यांच्यासोबत शिक्षण हमी पत्रक द्यावे, म्हणजे भट्टीजवळच्या शाळेत त्यांना कागदांवाचून बसता येते. हे सगळे दिवाळीनंतर करून उपयोग नाही. मजूर नेणारा मुकादम पोळा झाला की तांड्यावर फिरू लागतो आणि एकदा उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, हातात पडली की कुटुंबाला थांबता येत नाही. त्या आधी एक सभा शाळेत न घेता तांड्यावरच, संध्याकाळी, माणसे शेतातून परतल्यावर घ्या, आणि दोन्ही मुलांच्या आज्यांना पुढे बसवा.